हेड हॉल्टर : ओढणाऱ्या कुत्र्यासाठी वापरावा का?

ओढगस्त

मंडळी, थोडा सल्ला हवा आहे.

आमचा बंड्या लॅब्रेडॉर आणि आणखी कशाकशाची सरमिसळ आहे. वय दोन वर्षं, वजन चौतीस किलो. घरात अतिशय शहाणा, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की नुसती खेचाखेची. आधी गळ्यात पट्टा होता, तेव्हा ओढून ओढून खोकायचा, म्हणून पाठीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, आणला. खोकला गेला, ओढणं मात्र दुप्पट झालं. माझं एक वेळ ठीक आहे, पण दिवसातून एकदा आई त्याला नेते आणि तिचा खांदा आधीच दुखरा आहे.

ओळखीतल्या एकांनी हेड हॉल्टर सुचवला. तोंडावरून एक पट्टी, मानेमागून एक पट्टी आणि हनुवटीखाली दोरी अडकवायची कडी, असं ते प्रकरण आहे. आणलाय, पण घातला की बंड्या नाक जमिनीवर घासतो, पंजाने ओरबाडतो आणि मध्येच बसकण मारतो.

विचारायचं हे की, याने त्याला इजा होते का? मान मुरगळते का? आणि काढला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होणार असतील तर एवढा खटाटोप करायचा कशाला?

---

मीनल_नि

+१. मलाही हेच विचारायचं होतं. वाचनखूण साठवली आहे.

---

फटकळ

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुत्र्याच्या नाकावर पट्टी बांधून त्याला फिरवणं मला अजिबात पटत नाही. आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून कुत्री आहेत, एकालाही असलं काही लागलं नाही. कुत्रा ओढतो याचा अर्थ त्याला शिकवलेलं नाही. शिकवायचा कंटाळा, म्हणून मुसकं बांधायचं, हा छळ आहे. बंड्या बिचारा ओरबाडून सांगतोय की नको, आणि आपण धागे काढतोय.

---

शिट्टीवाली

फटकळराव, मुसकं नाही हो ते. मुसक्यात तोंड बंद राहतं किंवा जाळीत असतं. हेड हॉल्टर नीट बसवला असेल तर कुत्रा तोंड पूर्ण उघडू शकतो. धापा टाकतो, पाणी पितो, खाऊ खातो, भुंकतो आणि मनात आलं तर चावूही शकतो. बैलाची म्होरकी डोळ्यांसमोर आणा, तेच तत्त्व आहे. एवढं मोठं जनावर बळाने आवरत नाही, पण डोकं वळलं की धड मागून वळतं.

ओढगस्त, आता तुमच्याकडे वळते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बंड्या का ओढतो? कारण ओढल्यावर तो पुढे जातो. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. दोरी ताणली, पाय पुढे पडले, खांबाचा वास मिळाला. त्यात कुत्र्याची नैसर्गिक चाल आपल्यापेक्षा वेगवान, त्यामुळे आपण त्याला कायमच मागे लोंबकळणारं ओझं वाटतो. आणि पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये ओढणं वाढलं यात नवल नाही. गळ्यावरचा ताण जाऊन तो रुंद छातीवर पसरला, आता तो अख्खं वजन टाकून आरामात ओढू शकतो. बर्फातल्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात.

हॉल्टरमध्ये दोरी हनुवटीखाली असते. त्याने पुढे जोर लावला की नाक तुमच्या दिशेने वळतं आणि सगळी ताकद वाया जाते. म्हणून तुमच्या आईसारख्या माणसालाही एवढा मोठा कुत्रा थांबवता येतो. हे साधन मुळात त्यासाठीच आहे. ब्रिटनमधले प्राणी-मानसशास्त्रज्ञ रॉजर मगफर्ड यांचा 'हॉल्टी' आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत पशुवैद्य आर. के. अँडरसन व प्रशिक्षिका रूथ फॉस्टर यांनी बनवलेला 'जेंटल लीडर', ही त्यातली दोन जुनी नावं. दोन्ही निघाले ते गळा आवळणाऱ्या साखळ्यांना पर्याय म्हणून.

आता माप. निम्म्या लोकांचं इथेच बिनसतं. मानेची पट्टी गळ्यातल्या पट्ट्यासारखी खाली सैल सोडायची नाही. ती कानांच्या लगेच मागे, कवटी संपते तिथे, वर बसली पाहिजे. घट्ट म्हणजे एक बोट जेमतेम आत जाईल इतकी. नाकाची पट्टी उलट सैल हवी. डोळ्यांच्या थोडी खाली असावी, पुढे सरकवली तर नाकाच्या मऊ भागापर्यंत यावी, पण निसटून पडू नये. लोक नेमकं उलटं करतात. मानेला दया दाखवून ती पट्टी ढिली ठेवतात, मग हॉल्टर गळून पडू नये म्हणून नाकाची आवळतात. परिणामी पट्टी डोळ्यांत जाते, नाकावर घासते आणि कुत्रा वैतागतो. हे जेंटल लीडरच्या घडणीचं सांगतेय. हॉल्टीला गालावरूनही पट्ट्या असतात, त्याचं बसवणं थोडं वेगळं, सोबतचा कागद वाचा. काहींची कडी हनुवटीखाली नसून मानेमागे असते, ते तर तिसरंच.

बंड्याचा एक फोटो टाका, बाजूने काढलेला.

---

पंजेवैद्य

शिट्टीवालीताईंनी यंत्र समजावलंच आहे, मी दवाखान्याच्या बाजूने भर घालतो.

ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात साधा पट्टा निरुपद्रवी असतो ही समजूत बरोबर नाही. श्वासनलिका तिथेच असते, म्हणून बंड्या खोकत होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, कुत्रा गळपट्ट्यावर ओढत असताना डोळ्यांतला दाब लक्षणीय वाढतो, हार्नेसवर ओढताना तसा वाढत नाही. काचबिंदू असलेल्या किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यासाठी ही बाब फार मोलाची आहे.

आता मानेच्या भीतीबद्दल. ती अगदीच निराधार नाही. कुत्रा धावत सुटला आणि दोरीच्या टोकाला पोहोचून डोक्याला एकदम हिसका बसला, तर मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. म्हणून हॉल्टरसोबत आपोआप लांब होणारी, रिळात गुंडाळली जाणारी दोरी कधीही वापरू नये. पाच-दहा मीटरची लांब दोरीही नाही. दीड-दोन मीटरची साधी दोरी पुरे. आणि आपण स्वतः झटका द्यायचा नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण गळपट्ट्याला झटके द्यायची सवय हाताला लागलेली असते.

ज्यांना घालू नये असे : मानेच्या मणक्याचा त्रास असलेले, नाकावर किंवा डोळ्याजवळ जखम असलेले, आणि चपट्या तोंडाचे. चपट्या तोंडाला पट्टी टिकायला जागाच नसते.

फटकळ यांच्या आक्षेपावर : १९९८ मध्ये साधा गळपट्टा आणि हेड हॉल्टर यांची तुलना करणारा एक अभ्यास झाला होता. हॉल्टर घातलेली कुत्री सुरुवातीला नाकावर पंजे मारत होती, अस्वस्थ दिसत होती. पण शरीरातली तणावाची मोजमापं दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. म्हणजे ओरबाडणं खरं आहे, त्याला खटकतं हेही खरं आहे, पण छळ म्हणावा एवढं त्यातून दिसत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. बंड्या पहिल्यापासून ओढतो की अलीकडे वाढलं? एरवी नीट चालणारा कुत्रा अचानक ओढू लागला किंवा घराकडेच ओढायला लागला, तर आधी कुठे दुखतंय का, कशाला घाबरतोय का ते तपासा.

---

ओढगस्त

डॉक्टर, पहिल्यापासूनच. जन्मजात उत्साही.

ताई, फोटो टाकतोय. तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, मानेची पट्टी सैल आणि नाकाची घट्ट. बदलली. आता डोळ्यांपासून लांब आहे. पण घासणं चालूच.

---

शिट्टीवाली

फोटो पाहिला. मानेची अजून एक भोक वर घ्या, बाकी ठीक.

घासणं चालूच राहणार, कारण तुम्ही हॉल्टर घातला आणि थेट रस्त्यावर नेलंत. आयुष्यात पहिल्यांदा नाकावर काहीतरी बसलं आणि त्याच क्षणी बाहेरचा सगळा गोंधळ. आता काही दिवस तो फिरायला वापरूच नका. बाहेर जाताना जुना हार्नेस घाला, ओढेल तर ओढू दे. हॉल्टर फक्त घरात, दोन-तीन मिनिटांसाठी, जेवणाच्या आधी पोट रिकामं असताना.

एका हातात नाकाची पट्टी गोल उघडी धरा, दुसऱ्या हातात खाऊ पट्टीच्या पलीकडे. नाक त्याने स्वतः आत घालायचं. आपण पट्टी त्याच्या तोंडावर नेलीत की तो मागे सरकणारच. नाक आत आलं, खाऊ मिळाला, नाक बाहेर, पट्टी बाजूला. एवढंच. दोन दिवसांत तो पट्टी दिसली की नाक खुपसायला लागेल. मग खाऊ थोडा उशिरा द्या, म्हणजे नाक आत टिकेल. मग मागचा हूक लावा, भराभर चार-पाच तुकडे द्या आणि लगेच काढा. हॉल्टर निघाला की खाऊ बंद. हे महत्त्वाचं आहे, कारण मजा हॉल्टर असताना घडली पाहिजे, सुटल्यावर नाही.

मग हॉल्टर घालून घरात चार पावलं, नंतर दोरी लावून घरातच, मग कंटाळवाण्या जागी, जिना किंवा पार्किंग. रस्ता सगळ्यात शेवटी. काही कुत्री हे आठवड्यात उरकतात, काहींना महिना लागतो. पंजा मारायला लागला तर ओरडू नका, पुढे चालायला लावा आणि चालताना खाऊ द्या. चालता चालता नाक घासणं अवघड असतं. सारखाच मारत असेल तर तुम्ही पायरी गाळली आहे, मागे जा. मात्र तो पंजा मारत असताना काढू नका. नाहीतर तो लगेच शिकेल की ओरबाडलं की सुटका.

---

भटकबहाद्दर

ताई, नमस्कार घ्या. एवढं सविस्तर आमच्या प्रशिक्षकानेही सांगितलं नव्हतं.

माझ्या जर्मन शेफर्डला हॉल्टर वर्षभर वापरला. उत्तम चालला, पण नाकावरचे केस गेले. पट्टी उन्हात कडक झाली होती, आतून मऊ अस्तर असलेला घेतल्यावर केस परत आले. ओला हॉल्टर तसाच घालू नका, तोही घासतो.

अवांतर : रस्त्यात प्रत्येक तिसरा माणूस विचारतो, "चावतो का?" सुरुवातीला समजावून सांगायचो. नंतर नंतर "हो" म्हणायला लागलो. गर्दीत वाट मोकळी मिळते.

---

फटकळ

वैद्यबुवांचा १९९८ चा दाखला वाचला. ठीक आहे, 'छळ' हा शब्द मागे. पण मूळ प्रश्न तसाच आहे. काढला की ओढणारच ना? मग जन्मभर नाकाला पट्टी?

आणि दुसरं, काही कुत्री हॉल्टर घातल्यावर एकदम गरीब होतात, मान खाली घालून चालतात. मालक खूश, "बघा किती शांत झाला!" मला ती शांतता वाटत नाही.

---

शिट्टीवाली

दुसऱ्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. जाहिरातीत 'कुत्रा शांत होतो' असं लिहितात, पण शांत आणि खचलेला यांत फरक असतो. शेपटी पोटाशी, कान मागे, वास घेणं बंद, खाऊ नाकारणं, पाय ओढत चालणं, असं दिसलं तर त्या कुत्र्याला हॉल्टर मानवलेला नाही. सवय नीट लावूनही असंच राहिलं तर मी तो काढून ठेवायला सांगते. शांत कुत्रा वास घेतो, इकडेतिकडे बघतो, शेपटी मोकळी असते.

पहिला मुद्दा. हॉल्टर काही शिकवत नाही, बरोबर. तो ओढण्याचा फायदा काढून घेतो आणि शिकवायला सवड देतो. ती सवड वापरली नाही तर तुम्ही म्हणता तसंच होतं. काही कुत्री तर हॉल्टरमध्येही तिरक्या मानेने ओढायला शिकतात, कारण मालक तसेच फरफटत पुढे जात राहतो.

म्हणून नियम तोच. दोरी सैल तर चालणं, दोरी ताणली तर थांबणं. ताणली की उभे राहा, काही बोलू नका. त्याने मागे बघितलं, दोरी ढिली पडली, की चला. तो तुमच्या पायाशी असताना खाऊ पायाशीच द्या, तोंडासमोर हात पुढे काढून नाही, नाहीतर तो पुढेच यायला शिकेल. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने उशीर होतोय म्हणून ओढू द्यायचं असं झालं, तर कुत्रा 'कधीतरी चालतं' हे पक्कं लक्षात ठेवतो आणि ती सवय मोडायला सगळ्यात चिवट.

सोडवायचा कसा? दोन्ही टोकांना हूक असलेली दोरी मिळते. एक टोक हॉल्टरला, दुसरं हार्नेसला. हळूहळू हार्नेसच्या बाजूने धरायला लागा, हॉल्टरची बाजू फक्त गरज पडली तर. मग निवांत रस्त्यांवर हॉल्टर तोंडावर असू दे पण दोरी फक्त हार्नेसला. मग नुसता खिशात. मात्र ओढगस्तच्या आईंसाठी तो कायम राहिला तरी मला त्यात कमीपणा वाटत नाही. खांदा निखळण्यापेक्षा हॉल्टर बरा.

---

करडी_मांजर

कुणीच छातीवर कडी असलेल्या हार्नेसबद्दल बोलत नाही. आमच्याकडे त्यानेच भागलं. ओढलं की कुत्रा बाजूला वळतो, नाकाला काही लागत नाही, सवयही जवळपास लावावी लागली नाही.

---

पंजेवैद्य

चांगला पर्याय आहे आणि बहुतेकांना मी आधी तोच सुचवतो. हॉल्टरइतका ताबा मिळत नाही, पण चुकीला जागा कमी. फक्त खांद्यावरून आडवी जाणारी पट्टी पायाची हालचाल अडवत नाही ना ते पाहा आणि काखेत घासतोय का तेही. मोठा कुत्रा आणि अशक्त माणूस अशी जोडी असेल तर मात्र हॉल्टरचं पारडं जड.

---

ओढगस्त

थोडी खबर देतो. ताईंच्या पद्धतीने सुरुवात केली. आता हॉल्टर दिसला की बंड्या स्वतः तोंड खुपसतो, हे मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. रस्त्यावरही बरंच जमतंय, आई खूश आहे.

अडचण एकच. मांजर. ती दिसली की हा जागेवरून उडी घेतो. एकदा तर नाकाची पट्टी निसटलीच, नशीब गळ्यातला पट्टा हाताला लागला.

---

शिट्टीवाली

हॉल्टर जोडपट्टीशिवाय वापरू नका! हॉल्टरची खालची कडी आणि गळपट्टा जोडणारी छोटी पट्टी मिळते, काहींसोबत येतेच. हॉल्टर निसटला तरी कुत्रा हातात राहतो. दोन हुकांची दोरी घेतलीत तर तेच काम होतं.

मांजर दिसल्यावर काही शिकवायला जाऊ नका, तेव्हा त्याचे कान बंद असतात. मांजर तुम्हाला आधी दिसलं पाहिजे. दिसलं की दोरी आखूड धरा, म्हणजे धावायला अंतरच मिळत नाही आणि हिसका बसत नाही. मग हळुवार वळवून उलट दिशेने चालायला लागा, तो सोबत आला की खाऊ. त्याने मांजर बघून तुमच्याकडे बघितलं तर खिसा रिकामा करा. आईंना तो मांजरांचा रस्ता तूर्त टाळायलाच सांगा.

आणि घरी आल्यावर हॉल्टर लगेच काढताय ना? घालून मोकळा सोडायचा नाही. कुठेतरी अडकतो, शिवाय कंटाळला की चावून तुकडे करतो.

---

फटकळ

खिसा रिकामा करून करून बंड्या छत्तीस किलोचा होईल, मग आणखी ओढेल.

---

पंजेवैद्य

तो खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करायचा, फटकळराव. बहुतेक कुत्र्यांना नखाएवढा तुकडाही पुरतो.

---

मीनल_नि

सगळं वाचून काढलं. माझा पग आहे, चपट्या तोंडाचा. म्हणजे हॉल्टर बादच ना? तोही ओढतो, वजन कमी आहे पण घरघर करायला लागतो.

---

पंजेवैद्य

बाद. पगला हॉल्टर नको आणि दोरी गळपट्ट्यालाही नको, श्वासाची वाट आधीच अरुंद असते. छातीवर कडी असलेला, गळ्याखाली इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या. माप छातीच्या सगळ्यात रुंद भागाचं, पुढच्या पायांच्या मागून. बाकी दोरी ताणली की थांबायचं, ते बंड्यासारखंच. पण उन्हात नाही आणि घरघर वाढली की फेरी तिथेच संपवायची. शांत बसलेला असतानाही घरघरत असेल, तर हार्नेसच्या आधी दाखवून घ्या.